डोपामाइन आणि गोळीची आशा

रविवारच्या अंकातील स्वमग्नता (ऑटिझम) आणि मेंदूतील डोपामाइन हे रसायन यांच्यावरील लेख वाचला. एखाद्या गोष्टीची ओढ वाटण्यात डोपामाइनचा मोठा वाटा असतो, हे खरे. पण गोळीने ते ‘सुधारले’ की स्वमग्न मूल बोलू लागेल, असा समज होऊ नये. डोपामाइनच्या ग्राहींवर (पेशींवरील ज्या जागी ते जोडले जाते त्यांवर) काम करणाऱ्या रिस्पेरिडोन या औषधाला अमेरिकेत २००६ मध्ये आणि एरिपिप्राझोलला २००९ मध्ये मान्यता मिळाली, ती स्वमग्न मुलांच्या तीव्र चिडचिडीसाठी. संवादातील अडचणींसाठी नव्हे. शिवाय या औषधांनी वजन वाढते, ते वेगळेच.

माझा नऊ वर्षांचा स्वमग्न मुलगा हाक मारली तर वळत नाही, पण पीएमपीची बस दिसली की टाळ्या वाजवतो. वाचा उपचारतज्ज्ञ बाईंनी बसच्या चित्रांपासूनच सुरुवात केली. तिसऱ्या महिन्यात चित्राकडे हात करून तो ‘दे’ म्हणाला. अशा उपचारांविषयीही सविस्तर छापावे, ही विनंती.

– एक आई, कोथरूड, पुणे