शेवटचे पॅकेट कुठे दिसले, हे विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर प्रणाम.

त्या रात्री फोन ठेवताना मी फक्त "आभारी आहे" एवढेच म्हणालो, कारण त्याहून अधिक काही सुचावे इतके त्राण माझ्यात उरले नव्हते. आज सवडीने लिहितो आहे आणि पत्र मुद्दाम खुले ठेवतो आहे. एकाच होस्टवरच्या, म्हणजे एकाच खऱ्या संगणकावरच्या, दोन व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) एकमेकींशी का बोलत नाहीत, या प्रश्नापायी दिवस घालवणारे माझ्यासारखे पुष्कळ जण असतात. आपण मला ज्या वाटेने नेले, ती वाट त्यांनाही दिसावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आधी अडचण मांडतो. केव्हीएम, म्हणजे लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय, असलेल्या होस्टवर दोन मशीन चालत होत्या. एकीवर डेटाबेस आणि दुसरीवर तो वापरणारे ॲप्लिकेशन. दोघींना जोडण्यासाठी मी हाताने एक ब्रिज, म्हणजे होस्टच्या आतला सॉफ्टवेअरचा नेटवर्क स्विच, तयार केला होता, त्याचे नाव बीआर०. त्याला प्रत्यक्ष नेटवर्क कार्ड जोडलेले नव्हते, कारण ही वाहतूक होस्टच्या बाहेर जाण्याची गरजच नव्हती. कित्येक महिने सुरळीत चाललेली ही जोडणी एका सकाळी बंद पडली. होस्टवरून दोन्ही मशीनना पिंग (पोहोच तपासणारा छोटा संदेश) जात होते आणि उत्तरही येत होते, पण एका मशीनवरून दुसरीला केलेल्या पिंगला उत्तर नव्हते. डेटाबेसची जोडणी नाकारली जात नव्हती, ती नुसती वाट पाहून कालबाह्य होत होती.

आपल्याला फोन करण्यापूर्वी मी जे केले ते आपण शांतपणे ऐकून घेतलेत, याबद्दलही आभार मानायला हवेत. मी दोन्ही मशीनमधला फायरवॉल बंद करून पाहिला होता. व्हर्टआयओचे आभासी नेटवर्क कार्ड काढून त्या जागी ई१००० या दुसऱ्या प्रकारचे लावले होते, त्यामुळे मशीनच्या आत इंटरफेसचे नाव बदलले आणि त्यावरचा पत्ताही गेला, म्हणजे एका बिघाडाचे दोन झाले. नेटवर्कवरची पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, दाखवणाऱ्या टीसीपीडम्पमध्ये डेटाबेसच्या टीसीपी जोडणीच्या प्रत्येक पॅकेटपुढे चेकसम (मजकूर शाबूत आहे का हे तपासणारा आकडा) चुकीचा असल्याची नोंद दिसली, तेव्हा चोर सापडला असे समजून मी अख्खी दुपार त्याच्यामागे घालवली. चेकसम काढण्याचे काम कार्डावर सोपवलेले असते आणि टीसीपीडम्प पॅकेट पाहतो ते त्याआधीच, हे आपण दोन वाक्यांत समजावून दिलेत. एका मशीनकडून दुसरीकडे जाणारे पॅकेट तर कधी खऱ्या तारेवर चढतच नाही, म्हणून तिथे ही नोंद दिसणे अगदी स्वाभाविक आहे.

त्यानंतर आपण विचारलेत, "शेवटचे पॅकेट तुम्हाला कुठे दिसले?" माझ्याकडे उत्तर नव्हते. पॅकेट पोहोचत नाही एवढेच मला माहीत होते. ते कुठपर्यंत पोहोचते हे मी पाहिलेच नव्हते.

आपण मला कागद घ्यायला सांगितलेत आणि त्यावर पाच ठिकाणे ओळीने लिहून घेतलीत: पहिल्या मशीनच्या आतला इंटरफेस, होस्टवरचे त्याचे टोक व्हीनेट०, मग ब्रिज बीआर०, मग दुसऱ्या मशीनचे टोक व्हीनेट१, आणि शेवटी दुसऱ्या मशीनच्या आतला इंटरफेस. पिंग चालूच ठेवायचे आणि एकेका ठिकाणी टीसीपीडम्प लावत पुढे सरकायचे. होस्टवरचे आकडे वाचताना एक गोष्ट आपण वेळीच लक्षात आणून दिलीत, ती न कळल्यामुळे मी पूर्वीही गोंधळलो होतो. मशीन जे पाठवते ते होस्टच्या बाजूने पाहिले तर आत येणारे असते, म्हणून व्हीनेट०चा आरएक्सचा (आत आलेल्याचा) आकडा म्हणजे पहिल्या मशीनने पाठवलेला मजकूर. हे उलटे वाचले की शोध चुकीच्या दिशेला जातो.

मध्येच आपल्याला दुसरी शंका आली. दुसरी मशीन पहिलीची प्रत करून बनवलेली असल्यामुळे दोघींचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) एकच तर राहिला नाही ना, असे आपण विचारलेत. मी ब्रिजचा पत्त्यांचा तक्ता उघडला. त्यात प्रत्येक मशीनसाठी दोन नोंदी होत्या, एक ५२ ने सुरू होणारी आणि दुसरी एफई ने, पुढचे सगळे अंक मात्र तेच. घोळ सापडला असे मी म्हणालो, पण आपण थांबवलेत. ५२ वाला पत्ता मशीनच्या आतल्या कार्डाचा आणि एफई वाला होस्टवरच्या टोकाचा. ब्रिज स्वतःसाठी जोडलेल्यांपैकी सर्वांत लहान मॅक पत्ता घेतो; मशीन चालू-बंद होताना तो बदलत राहू नये म्हणून व्हर्च्युअल मशीन सांभाळणारे लिबव्हर्ट मुद्दाम मोठ्या अंकाने सुरू होणारा पत्ता टोकाला देते. दोन मशीनचे शेवटचे तीन भाग मी वाचून दाखवले, ते वेगळे निघाले. आपण लगेच म्हणालात, "माझा अंदाज चुकला, पुढे जाऊ." इतका अनुभव असलेली व्यक्ती इतक्या सहज हे म्हणते, हे मी पहिल्यांदा ऐकले.

पुढे गेलो. व्हीनेट० वर पिंगची विनंती दिसत होती. बीआर० वरही दिसत होती. व्हीनेट१ वर मात्र एआरपीची, म्हणजे मॅक पत्ता विचारण्या-सांगण्याची, देवाणघेवाण सोडून काहीच नव्हते. एक मशीन दुसरीचा पत्ता विचारत होती, दुसरी तो सांगत होती, आणि त्या पत्त्यावर पाठवलेले पिंग, म्हणजे आयपीचे पॅकेट, ब्रिजमधून बाहेर पडत नव्हते. मी तर यात आणखीच गुरफटलो, पण फोनवर आपला आवाज प्रथमच हलका झाल्यासारखा वाटला. "एआरपी जाते आणि आयपी जात नाही, म्हणजे आयपी वाचणारे कोणीतरी मध्ये बसले आहे," असे आपण म्हणालात आणि मला आयपीटेबल्समधली, म्हणजे होस्टच्या फायरवॉलमधली, फॉरवर्ड साखळी (होस्टमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटसाठीचे नियम) आकड्यांसकट उघडायला लावलीत. साखळीचे धोरण ड्रॉप होते, म्हणजे कोणत्याही नियमात न बसणारे पॅकेट टाकून द्यायचे. आपण तोच आदेश दर सेकंदाला पुन्हा चालवायला सांगितलात आणि माझ्या डोळ्यांसमोर ड्रॉपचा आकडा एकेका पॅकेटने आणि ८४ बाइटने वाढू लागला. पिंगचे नेहमीचे ५६ बाइट, आयसीएमपीच्या (पिंग ज्या पद्धतीने जाते तिच्या) शीर्षाचे ८ आणि आयपीच्या शीर्षाचे २०, यांची बेरीज ८४. माझेच पिंग तिथे दर सेकंदाला टाकून दिले जात होते. मी पिंग थांबवले, आकडा थांबला. चालू केले, आकडा पुन्हा वाढू लागला. तो क्षण मी विसरणार नाही.

आदल्या संध्याकाळी होस्टवर मी कंटेनर (एकाच होस्टवर वेगवेगळे ठेवलेले प्रोग्रॅम) चालवणारे एक सॉफ्टवेअर बसवले होते. व्हर्च्युअल मशीनशी त्याचा काय संबंध, असे वाटून आपल्याला सांगितलेही नव्हते. त्या सॉफ्टवेअरने बीआर-नेटफिल्टर हे कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) मॉड्यूल चढवले होते आणि फॉरवर्डचे धोरण ड्रॉप केले होते. ब्रिज एरवी फक्त मॅक पत्ता पाहतो, पण हे मॉड्यूल आले की ब्रिजवरून जाणारे आयपीचे पॅकेटही आयपीटेबल्सच्या नियमांतून जाते. एआरपी आयपीमध्ये मोडत नाही, म्हणून ते सुटले. होस्टचे स्वतःचे पिंग फॉरवर्ड साखळीत येतच नाही, म्हणून तेही चालले. २०१४ मध्ये आलेल्या ३.१८ या कर्नलपासून हा भाग वेगळे मॉड्यूल झाला आहे, हेही आपणच सांगितलेत; तोवर मॉड्यूलची यादी पाहावी हे माझ्या मनातही आले नव्हते.

मी लगेच ब्रिजची पॅकेट आयपीटेबल्सकडे पाठवण्याची ती सोय पूर्ण बंद करायला निघालो होतो. आपण अडवलेत. कंटेनरची आपापसातली वाहतूक त्याच नियमांवर चालते, ती सोय बंद केली तर उद्या तिथे दुसरेच काही बिघडेल, असे आपण बजावलेत. म्हणून एकच अरुंद नियम लिहिला: बीआर० वरून येऊन बीआर० वरूनच जाणारे पॅकेट जाऊ द्यावे. पिंगचे उत्तर त्याच सेकंदाला आले. रीबूटनंतरही हा नियम टिकतो ना, हे पाहिल्याशिवाय आपण फोन ठेवू दिला नाहीत, तेव्हा रात्रीचा दीड वाजून गेला होता.

आपल्याला कोणी नेमले नव्हते, आपला त्या होस्टशी काही संबंध नव्हता, आणि माझी आपली ओळखही एका जुन्या सहकाऱ्यामार्फत झालेली, तीही जेमतेम. तरीही एकाही आदेशाचा अर्थ न सांगता तो मला टाइप करायला लावला नाहीत. त्याबद्दल मी आपला ऋणी आहे.

नियमांच्या फाइलमध्ये त्या ओळीच्या वर मी चार ओळींची टीप लिहिली आहे: हा नियम कशासाठी आहे, काढला तर काय थांबेल, आणि ८४ बाइटने वाढणारा आकडा कुठे पाहायचा. पाच ठिकाणांचा तो कागद होस्टच्या नोंदवहीत चिकटवला आहे.

आपला कृतज्ञ,
दोन मशीनचा एक सांभाळकर्ता