तो खोका डेकवरून काढलास ना?

चि. मंदार यास,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन तू ठेवलास की आपोआप कट झाला, मला कळलं नाही. बाबा म्हणाले, रेंज गेली असेल. "आई, मी अडतीस वर्षांचा आहे" एवढं मात्र नीट ऐकू आलं.

तुझं वय मला माहीत आहे रे. पण तुझ्या मागे लाकडी डेक दिसत होता, त्यावर ती काळी गोल शेगडी, आणि तू बोलता बोलता कालथ्याने राख उपसून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरत होतास. पार्सलच्या खोक्यात! "कालची आहे, गार झालीये" म्हणालास. काल रात्री आठला कणसं भाजलीत आणि सकाळी दहाला गार? मी ओरडले, ते चुकलंच. अनघासमोर ओरडायला नको होतं. पण खोका हलवला होतास का?

या पत्रात राखेचं काढायचंच नाही असं ठरवलं होतं. ओवीच्या दाताचं विचारायचं होतं, आत्याच्या मोतीबिंदूचं सांगायचं होतं. आत्या बरी आहे, चष्मा उतरला म्हणून गावभर सांगत फिरते. झालं.

आता ऐक. राख ही निखाऱ्याची गोधडी. वरून पांढरी, हात लावला तर कोमट, आणि पोटात विस्तव. आजी रात्री चुलीतले दोन-तीन निखारे राखेत पुरून ठेवायच्या, वर शेणीचा तुकडा. पहाटे पाचला फुंकणीने दोन फुंकरा मारल्या की लालबुंद. आमची काडेपेटी महिना-महिना पुरायची ती त्यामुळे. आणि ती तर उघडी चूल. तुझी शेगडी जाड पत्र्याची, झाकणाची. ती तुझ्या फुगीर ब्रिकेटांना, त्या कोळशाच्या वड्यांना, किती वेळ ऊब देत असेल!

जेवणं झाली की झाकण लाव, वरचा झरोका बंद कर, खालचाही. हवा तुटली की कोळसा विझत जातो, आणि उरलेला पुढच्या वेळी कामाला येतो. कोळसे महाग आहेत म्हणून तूच कुरकुरतोस. मग दोन दिवस, म्हणजे पुरते अठ्ठेचाळीस तास, हात लावू नकोस. त्यानंतरही राख पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या बादलीत भर आणि ती बादली डेकवर नको, खाली काँक्रीटवर, घरापासून लांब. घाई म्हणून शेगडीत पाणी ओतू नकोस. वाफेने हात भाजतो, वरचा मुलामा तडकू शकतो आणि ओली राख पत्रा खाते. पाऊस आला म्हणून धगधगती गॅरेजमध्ये तर मुळीच नेऊ नकोस, कोळशातून निघणाऱ्या त्या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, ना रंग ना वास. आपल्याकडे दर थंडीत पेपरात येतंच, बंद खोलीत शेगडी ठेवून झोपले ते उठलेच नाहीत.

लेक्चर झालं. माफ कर. तू इंजिनिअर, आणि मी तुला झरोके शिकवतेय. मागच्या वर्षी तूच मला सांगितलं होतंस की शिकागोजवळच्या जॉर्ज स्टीफनने १९५२ साली पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचा गोळा कापून ही शेगडी केली. खालची दांडी फिरवली की पाती राख सरकवतात आणि ती खालच्या भांड्यात पडते, हेही दाखवलंस. भांडं भरून राहिलं तर खालची भोकं बुजतात, मग कोळसा नुसता धुमसतो, हेही तूच. किती मन लावून सांगत होतास! आणि तिच्यात भाजलेल्या वांग्याचं भरीत, खरं सांगते, माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं. बाबांना सांगू नकोस.

पण ओवी अनवाणी फिरते. फोनमध्ये तिचे पाय दिसले.

तुझ्या डाव्या तळपायाच्या डागाबद्दल आम्ही तुला सांगत आलो की दिवाळीत भुईनळ्यावर पाय पडला. तू म्हणून कधी फटाक्याला हात लावला नाहीस, आता ओवीला फुलबाजीही देत नाहीस. मंदार, भुईनळा नव्हता. नरकचतुर्दशी होती, पहाटे चारपासून बंब पेटलेला, घरात अकरा माणसं. नऊला मी बंबाची राख घमेल्यात काढली आणि मागे डाळिंबाखाली ओतली. वरून पांढरीशुभ्र. मला वाटलं, गार आहे. करंजी हातात घेऊन तू त्या ढिगावरून पळालास. करंजी सोडली नाहीस, एवढं आठवतं. पुढचं मला आठवायचं नाही.

आजींनी मला राख ओतताना पाहिलं होतं. जन्मभर एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्याच दिवशी डाळिंबाखाली फरशी बसवून घेतली, बस्स.

तुला आधी सांगायला हवं होतं. लाज वाटली. अजून वाटते.

पत्राचे फोटो काढून पाठवतेय, अक्षर लागलं नाही तर फोन कर. रागावला असशील तरी कर. अनघाला सांग, मेतकूट आणि भाजणी गुरुवारी कुरिअरला देते.

तुझी
आई

ता. क. आज तुमच्याकडे सोमवार संध्याकाळ, म्हणजे अठ्ठेचाळीस तास अजून व्हायचेत. खोका उचलू नकोस हाताने, बूड जळून गेलेलं असेल तर राख पायावर पडेल. आधी खोऱ्याने राख बादलीत घे. बादली आणलीस की फोटो पाठव, झाकणासकट.