लाइन वाढवण्याआधी फोनवरचा आयपी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कॉलेजांत, अभ्यासिकांत आणि मंगल कार्यालयांत 'वायफाय कनेक्ट होतंय, पण नेट नाही' ही तक्रार आता नित्याची झाली आहे. त्यावर व्यवस्थापनाचा ठरलेला उपाय म्हणजे १०० एमबीपीएसची लाइन २०० ची करून घेणे. बिल वाढते, तक्रार तशीच राहते. कारण बहुतेक वेळा लाइनचा दोषच नसतो. फोनला आयपी पत्ताच, म्हणजे नेटवर्कवर ओळखण्याचा क्रमांकच, मिळालेला नसतो.

हे कोणालाही तपासता येते. लॅपटॉपवर किंवा आयफोनवर पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, किंवा अँड्रॉइड फोन पत्ता मिळवण्याच्या पायरीवरच अडकत असेल, तर डीएचसीपी सर्व्हरकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेकडून (साध्या जागी ती राउटरमध्येच असते), उत्तर आलेले नाही. अशा वेळी एक जीबीपीएसची लाइन घेतली तरी फरक पडणार नाही.

मंगल कार्यालयाचेच पाहा. साध्या राउटरच्या एका सबनेटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या एका गटात, २५४ पत्ते, पण वाटपासाठी कित्येकदा शंभरच ठेवलेले. त्यात लीज, म्हणजे एक पत्ता एका फोनच्या नावे राहण्याची मुदत, चोवीस तासांची. सकाळच्या मुहूर्ताची मंडळी जेवून घरी गेली तरी त्यांच्या फोनांच्या नावे लागलेले पत्ते अडकलेलेच राहतात आणि रिसेप्शनच्या पाहुण्यांना काही उरत नाही. लीज दोन तासांवर आणा, वाटपाची रेंज वाढवा, खर्च शून्य. निम्मी मुदत झाली की फोन आपणहून नूतनीकरण करून घेतो, त्यामुळे बसलेल्या माणसाला काही जाणवत नाही.

कॉलेजांत प्रकरण मोठे असते. शिक्षक, विद्यार्थी, पाहुणे, कॅमेरे यांचे व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवरची स्वतंत्र आभासी नेटवर्क, वेगळे हवेत. विद्यार्थ्यांना २५५.२५५.२५२.० मास्कचा (मास्क म्हणजे सबनेट किती मोठा ते ठरवणारा आकडा) सबनेट द्यावा, म्हणजे १,०२२ पत्ते मिळतात. कॅमेऱ्यांना २५४ चा पुरतो. पण फोनची पत्त्याची पहिली मागणी ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना मारलेली हाक, असते आणि ती राउटर ओलांडत नाही. सर्व्हर दुसऱ्या सबनेटमध्ये असेल तर प्रत्येक व्हीलॅनच्या गेटवेवर, म्हणजे बाहेर जाण्याच्या दारावर, डीएचसीपी रिले, म्हणजे मागणी सर्व्हरपर्यंत पोचवणारा मध्यस्थ, लावावा लागतो. रिले त्या मागणीत स्वतःचा पत्ता घालतो, समजा १०.२०.०.१, आणि त्यावरून सर्व्हर कुठल्या स्कोपमधून (त्या सबनेटसाठी ठेवलेल्या पत्त्यांच्या साठ्यातून) पत्ता द्यायचा ते ठरवतो. स्कोप नसेल, किंवा सर्व्हरकडून त्या गेटवेकडे परतीचा रूट नसेल, तर मागणी पोचूनही पत्ता मिळत नाही. सर्वांत छळणारी चूक मात्र स्विचच्या ट्रंक पोर्टवर (अनेक व्हीलॅन एकाच केबलवरून नेणाऱ्या जोडणीवर) नवा व्हीलॅन टाकायचा राहून जाण्याची. ॲक्सेस पॉइंटचा (वायफाय देणाऱ्या डब्याचा) दिवा हिरवा, ते डबे सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर सारे आलबेल, आणि एकाच इमारतीत कोणालाही पत्ता नाही.

वायफायचे नाव एक, पण प्रत्येक मजल्याचा सबनेट वेगळा, अशी मांडणीही दिसते. जिना चढणारा फोन तेच नाव पाहून जुनाच पत्ता धरून ठेवतो आणि वरच्या मजल्यावर त्या पत्त्याला गेटवे सापडत नाही. वायफाय बंद-चालू केले की चालते, म्हणून लोक फोनलाच दोष देतात. एका नावाला सगळ्या इमारतीत एकच व्हीलॅन ठेवावा, नाहीतर जुन्या सबनेटचा ट्रॅफिक टनेलमधून परत नेणारा कंट्रोलर घ्यावा.

कोणीतरी घरचा राउटर आणून भिंतीतल्या पोर्टची केबल त्याच्या लॅन पोर्टला (घरातली उपकरणे जोडायच्या पोर्टला) जोडतो, हे तर ठरलेलेच. मग तोही १९२.१६८.०.x चे पत्ते वाटू लागतो आणि ज्याचे उत्तर आधी पोचले, त्याचा पत्ता फोन घेतो. तो राउटर वापरायचाच असेल तर केबल लॅन पोर्टलाच राहू द्या, पण त्याचा डीएचसीपी बंद करा आणि त्याचा स्वतःचा पत्ताही बदला. मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच असेल तर डीएचसीपी स्नूपिंग (परक्या पोर्टवरून पत्ते वाटू न देणारी सोय) चालू करून फक्त सर्व्हरकडचे पोर्ट विश्वासाचे ठरवा.

मॅक पत्त्याची (प्रत्येक उपकरणाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाची) नोंदवही ठेवून पत्ते राखून ठेवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे: अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन सहसा वायफायला खरा मॅक दाखवतच नाहीत. कर्मचाऱ्यांच्या फोनवर त्या नेटवर्कपुरती मॅक लपवण्याची ही सोय बंद करावी लागते.

पावसाळ्यात खानापूरकडे वीज ये-जा करते. बरेच स्वस्त राउटर लीजची यादी मेमरीतच ठेवतात. रीस्टार्ट झाला की यादी पुसली जाते आणि एकाचा पत्ता दुसऱ्याला दिला जाण्याची शक्यता असते. राउटरला आधी यूपीएस द्यावा, मग रिसेप्शनच्या टीव्हीचे पाहावे.

संस्थांच्या कोटेशनमध्ये लाइनचा वेग आणि ॲक्सेस पॉइंटची संख्या एवढेच लिहिलेले असते. काम ताब्यात घेताना ठेकेदाराकडून प्रत्येक व्हीलॅनचा सबनेट, गेटवे, स्कोपची रेंज, लीजची मुदत आणि रिलेचा पत्ता लिहिलेला एक कागद पासवर्डसह मागून घ्यावा आणि तो मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

आपला,
नेटवर्किंगचे काम करणारा एक वाचक,
टिळकवाडी, बेळगाव