पाच तासांचं मागणं

मा. शालेय शिक्षणमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

विषय: मुलांच्या आत्महत्या रोखण्यासाठी नववीला पाच तास

स. न. वि. वि.

या पत्राची हिंदी प्रत स्पीड पोस्टाने आपल्याकडे पाठवली आहे. इथे मराठीत लिहितेय ते इंदूरच्या आमच्या लोकांसाठी. रामबाग असो की सुदामानगर, "आमच्या घरात नाही बाई असलं काही" हे म्हणण्यात आम्ही कुणाला हार जात नाही.

मी एकतीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं. निवृत्तीनंतर वरची खोली भंवरकुआंच्या क्लासला जाणाऱ्या दोन मुलांना भाड्याने दिली. त्यातला एक खरगोनकडचा, अकरावीतला. थंडीच्या दिवसांत त्याचा डबा भरलेलाच परत खाली येऊ लागला. मला वाटलं, मेसची भाजी आवडत नसेल. मग एका संध्याकाळी त्याने आपली कंपासपेटी आणि दोन कोऱ्या वह्या कामवालीच्या मुलाला देऊन टाकल्या. "मला आता लागणार नाहीत," म्हणाला. क्लासने टेस्टच्या मार्कांवरून त्याला शेवटच्या बॅचमध्ये टाकलं होतं, ते मला नंतर कळलं. मी जिन्यातच विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का रे?" त्याने नुसती मान हलवली. कधीपासून? दिवाळीपासून.

त्या रात्री त्याला एकटं ठेवलं नाही. वडील पहाटेच्या बसने आले. डॉक्टरांकडे जाण्याआधी त्यांचा पहिला प्रश्न, "पोलीस केस तर नाही ना होणार?" २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्यक्ष प्रयत्न करणाऱ्यालाही तीव्र ताणाखाली धरून शिक्षेतून वगळलं आहे, हे त्यांना कोण सांगणार? मुलगा आता गावीच बारावी करतो आणि मला कापसाच्या शेताचे फोटो पाठवतो.

पण साहेब, मला रुतून बसलंय ते वेगळंच. त्याच्या खोलीतल्या सोबत्याला हे महिनाभर ठाऊक होतं. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, म्हणून तो गप्प राहिला. सोळा वर्षांचं पोर. ते ओझं घेऊन रोज माझ्याच दारावरून क्लासला जात होतं.

२०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, ही सरकारचीच नोंद आहे. कागदावर आपल्याकडे कमतरता नाही. २०२० पासून शाळा आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत. अकरा विषय, त्यात भावनिक आरोग्यही, आठवड्याला एक तास. नोव्हेंबर २०२२ च्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणात सगळ्या शिक्षणसंस्थांत आठ वर्षांत मानसिक स्वास्थ्याचा अभ्यासक्रम आणायचं ठरलं. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितला, मार्कांवरून बॅचेस पाडू नका असंही बजावलं. एका शाळेत मी समुपदेशन कक्षाची पाटी पाहिली. आत व्हॉलीबॉलची जाळी आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. समुपदेशक म्हणून नाव पीटीच्या सरांचं.

आणि तासांचं म्हणाल तर कबूलच करते, असे इतर तास मी स्वतः गणितासाठी ढापले आहेत. पोर्शन राहिला होता.

म्हणून मागणं नेमकं ठेवते. युरोपात दहा देशांतल्या १६८ शाळांत अकरा हजारांवर मुलांवर तीन उपाय करून पाहिले गेले. निकाल २०१५ मध्ये छापून आले. नुसत्या शिक्षकांना शिकवून विशेष फरक दिसला नाही. मुलांची चाचणी घेऊन धोक्यातली मुलं निवडण्यानेही नाही. ज्या वर्गांत मुलांनीच प्रसंग करून पाहिले, बोलली, मदत कशी मागायची याचा सराव केला, तिथे वर्षभरात आत्महत्येचे नवे प्रयत्न तुलनेसाठी ठेवलेल्या शाळांच्या निम्म्याहून कमी दिसले. चार आठवड्यांत सगळे मिळून पाच तास. शिक्षकांनाही शिकवाच, सरळ विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेलं भरतं, असं स्टाफरूममध्ये मी आयुष्यभर ऐकलं, आणि ते खरं नाही. पण मूल आधी मुलाजवळच बोलतं.

नववीला हे पाच तास द्या. शनिवारी शाळा सुटल्यावर नको, पाहुण्यांचं भाषण नको, मार्क तर मुळीच नकोत. घेणारी व्यक्ती शाळेबाहेरची असू द्या, वर्गशिक्षकासमोर मुलं तोंड उघडत नाहीत. त्यातला एक अख्खा तास या एकाच गोष्टीवर: मित्राने शपथ घातली तर ती कशी मोडायची, कुणाकडे जायचं, पहिलं वाक्य काय बोलायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्री दोनलाही चालतो, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. तो ऑफिसातल्या काचेखाली ठेवण्यापेक्षा बोर्डाच्या प्रवेशपत्रावर छापा.

आपल्याकडे सत्र १ एप्रिलला सुरू होतं आणि वेळापत्रक त्याच्या आधी लागतं. एकदा लागलं की त्यात घुसायला जागा मिळत नाही, हे मी स्वतः लावलेल्या वेळापत्रकांवरून सांगते. आदेश मार्चच्या आत निघावा.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, इंदूर