पहाटे तीनचा रकाना

कोल्हापूर, 7 नोव्हेंबर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचा मेसेज आईच्या फोनवर आला. माझ्या नाही आला. असू दे. डबा ओट्यावरच राहिला, तो मी रात्री खाल्ला. चकल्या आणि कडबोळी पिशवीत भरून ठेवली आहेत.

फोनवर बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलोय. पुण्यात मुठेच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजायला तू रात्री नदीवर जायचं की नाही याबद्दल या पत्रात एक अक्षर काढायचं नाही, असं आईला कबूल केलंय.

लिहायचंय ते जेवताना मी जे बोललो त्याबद्दल. "संध्याकाळी सहाचा आकडा तुझ्याकडे आहे, सकाळी नऊचा आहे, मधले चार अंदाजाने टाक. कोण तपासायला बसलंय?" तू हातातला घास ताटात ठेवलास. "बाबा, हे तुम्ही बोलताय?" म्हणालीस आणि उठलीस. नंतर बॅग भरेपर्यंत एक शब्द नाही. मला वाटलं होतं तू भांडशील. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. दिवसा उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच शेवाळ, मासे, तळाचा गाळ खाणारे जंतू सगळे मिळून तो ओढत राहतात आणि भर पडते ती हवेतून मिसळेल तेवढीच. म्हणून उजाडायच्या आधी पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात खाली जातो. दुपारी बाराला डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर आला, आंघोळीच्या पाण्याच्या निकषात बसला, की नदी बरी आहे असं कुणीही म्हणेल. पण माशाला पहाटेही श्वास घ्यायचा असतो. तू हे तुझ्या सेमिनारमध्ये ज्या वाक्यात सांगितलंस ते मी आठवून लिहिलंय बघ, "माशाला पहाटेही श्वास घ्यायचा असतो." एकतीस वर्षं पाण्यात काढली, मला हे इतकं सरळ कधी सांगता आलं नाही. आणि त्याच पहाटेचा आकडा मी तुला घरी बसून लिहायला सांगितला.

आता एक सांगतो, जे तुझ्या आईलाही माहीत नाही.

2007 चा पावसाळा. तू दोन वर्षांची, न्यूमोनियाने दवाखान्यात. माझी रात्रपाळी. फिल्टर हाऊसवर दर तासाला गढूळपणा आणि शिल्लक क्लोरीन बघून रजिस्टरमध्ये चढवायचं असतं, तुला माहीत आहे, शाळेत असताना तू येऊन बसायचीस तिथे. त्या रात्री एक वाजता मी सायकल काढली आणि दवाखान्यात आलो. तुझ्या छातीची घरघर ऐकत साडेचारपर्यंत बसलो. परत गेलो तेव्हा दोन, तीन आणि चारचे रकाने कोरे. मी ते भरले. क्लोरीन 0.5, 0.5, 0.4. शेवटचा मुद्दाम वेगळा लिहिला, खरा वाटावा म्हणून.

काही झालं नाही. सकाळी साहेबांनी सही केली. नळाला पाणी गेलं. कुणाच्या पोटात दुखल्याचं ऐकलं नाही. पण ते 0.4 मला अजून दिसतं. त्या तासाला खरंच शून्य असतं तर? किमान 0.2 तरी शिल्लक पाहिजे असं आपलंच मानक सांगतं, ते का सांगतं हे मला पुढे नीट कळलं. 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची साथ आली, तेव्हा पेपरातली नावं वाचताना मी माझा तो रकाना आठवत होतो. त्या गावाशी माझा काही संबंध नव्हता, तरी. तेव्हापासून एकही आकडा न बघता लिहिला नाही. तुला लहानपणापासून "वही खोटं बोलत नाही" असं सांगत आलो ते याच्यामुळे. आणि पुन्हा तुझ्याचसाठी घाबरलो तर पुन्हा तेच तोंडात आलं.

तेव्हा माझं ते बोलणं मागे घेतो. रकाना कोरा राहिला तर कोरा ठेव. खाली लिही, नमुना घेतला नाही, कारण हे. ओळ चुकली तर एक रेघ मार, सही कर, पान फाडू नकोस. पेन्सिलने लिही, शाई पाण्याने पसरते. प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या घे, एकीवर विश्वास ठेवू नकोस. पाण्याचं तापमान आधी, मग बाकी सगळं. हे तुला सगळं येतं. तरी लिहितोय.

दिवाळीत तू अंगणात पाण्यातला ऑक्सिजन मोजायची ती बाटली करून दाखवलीस, ते मी मनात किती वेळा फिरवून पाहिलं असेल. तीनशे मिलीची काचेची बाटली, बूच तिरकं बसवून एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मँगनस सल्फेट सोडलंस, मग आयोडाइड, आणि पाण्यात तपकिरी ढग उतरला. ॲसिड टाकल्यावर तो विरघळून पिवळा झाला. मग थायोसल्फेट थेंब थेंब, गवताच्या काडीसारखा फिका रंग आल्यावर स्टार्च, गर्द निळा, आणि पुढच्या एका थेंबाला निळा गेला. तुझा हात हलला नाही. आक्का म्हणाली, ही काय जादू. मी काही बोललो नाही, कारण घसा दाटला होता. ही पद्धत हंगेरीच्या विंक्लरने 1888 मध्ये काढली, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता, अजून शिकतच होता. तुझ्याहून पाचेक वर्षांनीच मोठा.

आणि तू मोबाइलवर चौथ्या ठिकाणच्या बाटलीचा फोटो दाखवलास. साका तपकिरी नाही, पांढरा. म्हणजे ऑक्सिजन नाहीच. तिथे उभं राहून तू ते बघितलंस, एकटी.

आलो बघ त्यावरच. आता नोव्हेंबर आहे, खडकवासला धरणातून विसर्ग नाही, मुठेत ढोपरभर पाणी असेल, हे मलाही समजतं. 2024 च्या जुलैत त्या एका रात्रीत सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं ते पावसाळ्यातलं, असं तूच म्हणालीस. खरं आहे. पण आप्पा गेला तेव्हाही पाणी ढोपरभरच होतं. आजी अजून घाटाच्या त्या पायरीवर पाय ठेवत नाही. पुरे.

विलासकाका परवा पुन्हा विचारून गेले, "एन्व्हायर्नमेंट करून पुढे काय?" त्यांना मी काय सांगितलं ते जाऊ दे. पण तुला सांगावंसं वाटतं ते सांगतो. केमिस्ट्री अर्ध्यात सोडू नकोस. यूपीएससीच्या भारतीय वनसेवेच्या परीक्षेला पदवीत केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी, जिऑलॉजी, गणित, भौतिक, संख्याशास्त्र अशांपैकी एक तरी विषय लागतो, नुसतं पर्यावरणशास्त्र चालत नाही. तुझी मैत्रीण हे तिसऱ्या वर्षाला जाऊन वाचते आणि रडते, असं नको व्हायला. गेटला 2021 पासून पर्यावरणाचा वेगळा पेपर आहे. नेटला आहेच. नकाशाचं ते क्यूजीआयएस फुकट आहे, ते या सुट्टीत हाताखालून जाऊ दे. प्रयोगशाळेत कंपन्यांचे नमुने तपासायची नोकरी मिळते, पगार सुरुवातीला कमी, पण हात बसतो. प्रदूषण मंडळाच्या जागा निघतात तेव्हा निघतात, त्याच्या आशेवर वर्षं घालवू नकोस. आणि पर्यावरण आघात मूल्यांकनाचे, म्हणजे एखाद्या प्रकल्पाने परिसरावर काय परिणाम होईल त्याचे, अहवाल लिहिणाऱ्या सल्लागार कंपन्या आहेत, तिथे काम भरपूर.

तिथे गेलीस तर एक लक्षात ठेव. मामाच्या गावाकडे खाणीची जनसुनावणी झाली तेव्हा मी गेलो होतो. या मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते, अहवालाचा गोषवारा लोकांच्या भाषेत द्यावा लागतो. दिला होता. मी मराठी शाळेत शिकलेला माणूस, तीन पानं वाचली आणि चौथ्या पानावर थांबलो. "प्रस्तावित उत्खननामुळे भूजलावर नगण्य प्रतिकूल प्रभाव अपेक्षित." एक म्हातारी उठली, धाब्यावरच्या शांताबाईंच्या वयाची, म्हणाली, "आमच्या कड्याखालचा झरा राहणार का आटणार, तेवढं सांगा." समोरच्या तरुण मुलाने लॅपटॉप पुढे सरकवला आणि आलेख दाखवला. वाईट मुलगा नव्हता तो. अभ्यास केलेला होता. त्याला झऱ्याला झरा म्हणता येत नव्हतं एवढंच. म्हातारी खाली बसली आणि सभा पुढे गेली.

तू तिथे असलीस तर त्या बाईला काय सांगशील, हे मला ऐकायचंय. उत्तर काहीही असो, राहणार, आटणार, किंवा एक उन्हाळा मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. पण तिला समजेल असं सांग. तुमच्या सरांनी इंग्रजीत शोधनिबंध लिहायला लावलाय ना, तो मन लावून लिही. मग तोच दोन पानांत मराठीत लिही आणि आधी आजीला वाचून दाखव. जिथे ती "म्हंजे काय गं?" म्हणेल तिथे खूण कर. पश्चिम घाटाचा गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट 2011 ला सरकारकडे गेला आणि लोकांसमोर यायला 2012 चा मे उजाडला, तोही इंग्रजीत. ज्यांच्या डोंगराबद्दल होता त्यांच्यापर्यंत त्यातलं काय पोचलं? आमच्याकडे तर "शेती बंद होणार, घरं पाडणार" एवढंच पोचलं. खरं काय लिहिलंय ते घरोघर जाऊन सांगणारी माणसं पाहिजे होती. तुझ्यासारखी.

भाषण झालं. माफ कर. एकदा सुरू झालो की मला तू समोर टेबलाशी पाय हलवत बसलेली दिसतेस.

परवा त्रिपुरीला पहाटे घाटावर गेलो होतो. एकटाच, आई झोपलेली. तू असताना आपण जायचो तसा, साडेचारला. पंचगंगेच्या पायऱ्यांवर पणत्याच पणत्या, लोक फोटो काढतायत. मी मात्र दिव्यांच्या मधलं काळं पाणी बघत राहिलो. आत्ता यात किती असेल? साडेचार, म्हणजे अजून उतरणार. आयुष्यभर मी हे पाणी तुरटी टाकून गाळून लोकांना दिलं, पण त्यात जे जगतं त्याची रात्र कशी जाते, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. घरी आलो आणि कागद घेऊन एक चित्र काढलं.

बादलीने पुलावरून पाणी ओढ, असं मी आधी म्हणणार होतो. पण बादलीतून बाटलीत ओतलं की हवा मिसळते आणि आकडा खोटा येतो, हे तू लगेच म्हणाली असतीस. म्हणून उद्यमनगरातल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून स्टीलचा एक डबा करून घेतलाय, दीड लिटरचा, घट्ट झाकणाचा. आत तुझी बाटली उभी राहते. झाकणातून एक नळी थेट बाटलीच्या तळापर्यंत जाते, दुसरी आखूड, हवा बाहेर जायला. डबा दोराने खाली सोडला की पाणी आधी बाटलीत शिरतं, ती भरून वाहते, आणि डबा भरेपर्यंत बाटलीतलं पाणी तीनेक वेळा बदलतं. हवेला लागलेलं पाणी बाहेर, खालचं ताजं आत. तळाला लोखंडी चकती लावली आहे, नाहीतर तरंगतो. पहिल्यांदा झाकण गळलं, रबर बदललं. काल गच्चीवरच्या टाकीत सहा वेळा सोडून पाहिला. सहाही वेळा बाटली काठोकाठ, बुडबुडा नाही.

पुलावरून सोडलास तर नमुनाही मधल्या प्रवाहाचा मिळेल, काठाच्या साचलेल्या पाण्याचा नाही. सरांना विचार, त्यांना पटेल असं वाटतं. पाण्यात पाय घालायची गरज नाही.

डबा एसटीच्या पार्सलने पाठवणार नाही, नळी वाकेल. शुक्रवारी रात्री दहाच्या गाडीने मी घेऊन येतो, पहाटे चारच्या सुमारास स्वारगेट. तिथून तुझ्या पुलावर कसं यायचं तेवढं कळव. मी मध्ये बोलणार नाही. तू बाटली काढ, मी बॅटरी धरतो आणि वेळ सांगतो, वहीत तूच लिही. मैत्रीण येणार असेल तर तिच्यासाठीही स्वेटर आणतो, आक्काने एक जास्तीचा विणलाय.

चकल्या त्याच पिशवीत आणतो.

तुझा,
बाबा

ता. क. दोर वीस मीटर आहे. पुलाची उंची जास्त असेल तर गुरुवारपर्यंत सांग.