‘ऑल दॅट जॅझ’मधली शांतता

महोदय,

बॉब फॉसी यांचा ‘ऑल दॅट जॅझ’ (१९७९) हा चित्रपट नाचांसाठी वाखाणला जातो. खरी करामत संकलनात आहे. अ‍ॅलन हाइम यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. नाटकाच्या वाचनाचा प्रसंग पाहा. सगळे खदखदून हसतायत, पण त्यांचा आवाज काढून टाकलाय. ऐकू येतात फक्त नायक गिडियनचे, म्हणजे नाटकाच्या दिग्दर्शकाचे, आवाज: टेबलावर वाजणारी बोटं, कडकन मोडलेली पेन्सिल. छातीत काहीतरी बिनसलंय, हे संवादाविना कळतं. (गिडियन ज्यांच्यावर बेतलाय, त्या फॉसींनाच १९७४ मध्ये हृदयविकाराचा झटका आला होता.) विवाल्दीचं संगीत, डोळ्यांत थेंब, गोळ्या, शॉवर हे गिडियनचं सकाळचं चक्रही दर खेपेला जड होत जातं. टीव्हीच्या बारीक स्पीकरवर यातलं निम्मं हरवतं, हेडफोन लावा. शेवटचा नाच मात्र जरा लांबलाच.

– एक वाचक, पुणे