तुझी काळी एक

मिरज,
रविवार, रात्रीचे साडेनऊ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "या वयात गिटार? बोटं दुखत नाहीत का रे?" मी "दुखतात" एवढं म्हणून विषय बदलला. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. आज जेवण लवकर उरकलं, बाहेर पावसाची झड लागलीय, म्हणून लिहायला बसलोय.

हे खूळ निवृत्तीनंतरचं, असं तुला वाटलं असेल. तसं नाही. तीसेक वर्षांपूर्वी गार्ड म्हणून मालगाडी घेऊन लोंढ्याला गेलो होतो. तिथला पाऊस तुला ठाऊक आहे, पत्र्यावर दगड पडल्यासारखा. रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या माणसांच्या विश्रांतीच्या खोलीत, वीज गेलेली. गोव्याकडचा एक ड्रायव्हर खाटेवर मांडी घालून गिटार वाजवत होता आणि हळू आवाजात मांडो, ते गोव्याकडचं कोकणी गाणं, म्हणत होता. गिटार मी आधी सिनेमात ऐकली होती, समोर बसून कुणाच्या हातून कधी ऐकली नव्हती. मित्रा, आपण दोघं तंबोऱ्यावर वाढलो. उरुसाच्या रात्री दर्ग्याच्या आवारात सतरंजीच्या कडेला बसून ऐकलेलं गाणं आपल्या कानात आहे. आपल्याकडे गाणं कुठंही जावो, खाली सा-प जागचा हलत नाही. त्या रात्री खालची जमीनच सरकत होती, आणि तरी गाणं पडत नव्हतं. हे कसं होतं, ते मला तेव्हापासून हातानं करून बघायचं होतं. नोकरीत, मुलांच्या शिक्षणात, आईच्या आजारपणात ते राहून गेलं. बासष्टाव्या वर्षी कोल्हापूरहून साडेसहा हजारांची गिटार आणली.

आता दुखण्याचं. पहिले पंधरा दिवस डाव्या हाताची चारही बोटं पोळल्यासारखी झाली होती. भाकरीचा तुकडा मोडताना कळ यायची. महिन्याभरात टोकांची कातडी घट्ट झाली, आता त्या दुखण्याचं काही वाटत नाही. पण खरं दुखणं ते नव्हतंच. आपला कान साठ वर्षांचा तयार आहे. बेसूर काय, हे त्याला लगेच कळतं. हात मात्र आजच शाळेत घातलेला. बोट पडद्याच्या, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्टीच्या, जरा मागे पडलं की तार खरखरते, आणि ती खरखर मला जितकी लागते तितकी दहा वर्षांच्या पोराला लागत नाही. क्लासमध्ये माझ्या शेजारी एक पाचवीतला मुलगा बसतो. तो चुकतो आणि पुढे जातो. मी चुकतो आणि थांबतो, आतून ओशाळतो. पहिल्या दोन महिन्यांत दोनदा सोडून द्यायचं ठरवलं होतं. बायकोलाही बोललो नाही, तुला सांगतोय.

तरलो ते आपल्याच गावामुळे. मास्तरांनी (वय तेवीस, मी त्यांना सर म्हणतो, ते मला काका) एक दिवस माझी गिटार हातात घेतली आणि म्हणाले, काका, तारा फार उंच आहेत, म्हणून तुम्हाला इतकी ताकद लावावी लागते. दुसऱ्या दिवशी ती उचलून सतारमेकर गल्लीत गेलो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात नावं आली; पण त्या दुकानांच्या पायरीवर आपण चड्डीत असताना बसायचो, भोपळ्यांची उतरंड बघत. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं गिटार डोळ्यासमोर आडवी धरली, तारेखालून नजर टाकली. बाराव्या पडद्यावर तारेची उंची साडेतीन मिलीमीटर. ती अडीचवर आणायची होती. म्हणजे एक मिलीमीटर. पण बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असल्यामुळे घोडीतली पांढरी पट्टी, जिच्यावर तारा टेकतात ती, दोन मिलीमीटर घासावी लागते. त्यानं ती वरून नाही, खालून घासली, चार चार वेळा बसवून बघत, तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे घोडी घासून आवाज खुलवताना, लावतात तेवढ्याच सबुरीनं. पैसे घेईना. वर मास्तरांनी बारा नंबरऐवजी दहा नंबरच्या बारीक तारा चढवून दिल्या. त्या रात्री जो सूर मी दोन महिने दाबून दाबून काढत होतो, तो बोट नुसतं टेकवल्यावर आला. रागही आला थोडा. माझ्या वयाला दोष देत बसलो होतो, आणि चूक दोन मिलीमीटरची होती. कुणाला म्हाताऱ्या माणसाला गिटार शिकवायची असेल तर आधी ती गिटार नीट करून द्यावी, मग त्याची बोटं बघावीत.

त्याच कारागिराला मी माझी दुसरी तक्रार सांगितली. फोनवर तंबोरा लावून वाजवलं की गिटारीचा गंधार मला चढा लागतो. तंबोऱ्यातून जो आपोआप उमटतो, तो स्वयंभू गंधार, त्याला हा मिळत नाही. तो हसला आणि म्हणाला, "सतारीचा पडदा सरकवता येतो. याचे ठोकलेत." बरोबर आहे. सप्तकाचे बारा सारखे भाग करून पडदे ठोकलेले असतात, आणि त्या हिशेबात गंधार दोन शेजारच्या पडद्यांमधल्या अंतराच्या सुमारे चौदा टक्के चढा राहतो. तुझ्या पेटीचंही तेच. पण तसं केल्यामुळेच जमीन सरकू शकते, कुठल्याही स्वराला सा करता येतं. लोंढ्याच्या त्या रात्रीचं उत्तर मला गल्लीत मिळालं. आता तो गंधार मला टोचत नाही. दुसऱ्या घरची रीत म्हणून मी तो मानला आहे.

तू पेटीवाला, म्हणून तारा तुझ्या भाषेत, पेटीच्या पट्ट्यांवरून, सांगतो. जाड तारेपासून: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि परत पांढरी तीन. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या मध्यमावर. तारांचे नंबर मात्र बारीक तारेकडून मोजायचे; फक्त तिसरी ते दुसरी एवढंच अंतर गंधाराचं. पांढरी एक सा धर. पहिली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वर, सा-ग-प. आता बाकीची बोटं जागच्या जागी ठेवून फक्त अनामिका पाचव्या तारेवरून उचलायची आणि तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर टेकवायची. प गेला, ध आला. बस, एवढंच. पण तोच सा, जो आत्तापर्यंत घरधनी होता, तो ध च्या घरी कोमल गंधार होऊन बसतो! पहिल्यांदा हे माझ्या हातून घडलं तेव्हा मी गिटार मांडीवर ठेवून कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो. साठ वर्षं ऐकलेला कान नसता तर एवढं पोचलं असतं का, सांग. त्या पाचवीतल्या मुलाला ती नुसती पुढची कॉर्ड होती.

रोजचा रियाज सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस. सलग तासभर बसलो तर अंगठ्याचा सांधा रात्री ठणकतो, म्हणून बसत नाही. सकाळी आधी कोमट पाण्यात हात धरतो. गार्डाची सवय, सगळं डायरीत लिहितो. दोन कॉर्डमध्ये मिनिटाला किती वेळा जाता येतं, ते मोजायचं असतं. पहिल्या आठवड्यात सात. काल एकतीस. एका बोटानं सहाही तारा दाबायची जी कॉर्ड असते, ती अजून येत नाही. चार तारांवर छोटी करून वाजवतो आणि सर चालवून घेतात.

लोक म्हणतात, बरं झालं, वेळ जातो, मेंदू तरतरीत राहतो. मला ते ऐकवत नाही. वेळ घालवायला किंवा मेंदूच्या औषधाला म्हणून मी हे हातात घेतलेलं नाही. मला तो आवाज हवा आहे.

आणि आता मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात मला भूप राग सापडला. कुणी दाखवला नाही. पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर सा. चौथी तार मोकळी सोडली की रे, तिच्याच दुसऱ्या पडद्यावर ग. तिसरी मोकळी, प. तिचा दुसरा पडदा, ध. दुसऱ्या तारेचा पहिला पडदा, वरचा सा. रे आणि प आपोआप मोकळे, बोट ठेवायचीसुद्धा गरज नाही. मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नीट येत नाही, ते खरं. पण आरोह-अवरोह सावकाश घेतला तेव्हा स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली आणि दारात उभी राहून तिनं सरगम म्हटली. लग्नानंतर तिनं गायलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हा तुझीच आठवण झाली. तुझी पट्टी काळी एक, माझा सा पांढरी एक. मग सुचलं, कॅपो म्हणून एक चिमटा असतो, तो पहिल्या पडद्यावर लावला की सगळ्या तारा एकदम अर्धा स्वर चढतात. बोटं तीच, पट्टी तुझी. लावून बघितलं आहे.

वहिनी गेल्यापासून पेटी माळ्यावर आहे, भात्यालाही भोक पडलंय, असं तू मागं म्हणाला होतास. तशीच घेऊन ये. भाता शिवणारी माणसं इथं चालत्या अंतरावर आहेत, दोन दिवसांत करून देतील. तोवर तू नुसता गा. रात्रीच्या गाडीनं निघालास तर सकाळी स्टेशनवर मी उभा असेन. कुठल्या तारखेला येतोस ते कळव.

तुझाच,
जुना शेजारी